मिरजेच्या बाइंडरचं पाप

आमच्या घरातल्या कादंबरीत सासू पहिल्याच प्रकरणात मरते. सून रडते, शेजारणी रडतात, भिंतीवरचं घड्याळसुद्धा बंद पडतं. दुसऱ्या प्रकरणात त्याच सुनेचं लग्न लागतं आणि नुकतीच गेलेली सासू आरतीचं ताट घेऊन दारात हजर. मला कळायला लागल्यापासून बरीच वर्षं मी समजत होते की कादंबरी म्हणजे असंच असायचं. माणसं मरायची, मग लग्नाला यायची.

आम्ही तमिळ, पण मिरजेचे. अप्पा रेल्वेत लागले आणि तिरुनेलवेलीहून मिरजेला आले. मागून अम्मा आली, तिच्या मागून अप्पांची आई आली आणि मग मी झाले. घरात तमिळ आणि बाहेर मराठी, अशी वाटणी. फक्त अम्मा ती वाटणी पाळायची नाही. माझ्याशी बोलताना ती मधेच मराठीवर उडी मारायची, कारण आजीला मराठीचा ओ की ठो कळत नव्हता. "भाजीत मीठ जास्त झालंय म्हणतीय, पण वाटी तिसऱ्यांदा पुढं केली बघ," असं ती हसऱ्या चेहऱ्यानं मराठीत म्हणायची आणि आजीला वाटायचं, सून लेकीचा अभ्यास घेतेय. इतर घरांत मराठी ही मातृभाषा असते, आमच्या घरात ती चहाडीची भाषा होती. म्हणूनच की काय, मला ती फार आवडली आणि लिहायला बसले तेव्हा तीच हाताशी आली.

त्या कादंबरीबद्दल सांगते. तमिळ साप्ताहिकांमधून तेव्हा क्रमशः कादंबऱ्या यायच्या आणि आमच्याकडच्या बायका दर आठवड्याला त्या प्रकरणाची पानं अंकातून सोडवून जपून ठेवायच्या. कादंबरी संपली की गठ्ठा बाइंडरकडे. पुठ्ठा लागला, शिवण पडली की झालं पुस्तक. विकत घ्यायची गरज नाही. असली घरगुती पुस्तकं लेकीसुनांना लोणच्याच्या बरणीसारखी भेट म्हणून जायची. अम्माच्या थोरल्या बहिणीनं असाच एक गठ्ठा कुणा येणाऱ्याबरोबर मिरजेला धाडला. अम्मानं तो सुतळीनं बांधून अप्पांच्या हाती दिला आणि अप्पांनी स्टेशन रोडवरच्या बाइंडरकडे नेऊन टाकला.

पुस्तक शिवून आलं ते असं, सासू आधी मारून. बाइंडर पक्का मिरजेचा, त्याला तमिळ कुठून येणार? प्रकरणांचे क्रमांक अक्षरांत छापलेले. अप्पांनी रेल्वेच्या माणसासारखी रीतसर चौकशी करून निकाल दिला: सुतळी सुटली असणार, आणि त्या भल्या माणसाला आकडे तेवढे वाचता येत असल्यामुळे त्यानं पानांचे नंबर बघून गठ्ठा लावला असणार. आता साप्ताहिकात एका आठवड्याला कादंबरी बाराव्या पानावर असते, पुढच्या आठवड्याला चाळिसाव्या. मग व्हायचं तेच झालं. शिवाय शेवटचं प्रकरण गठ्ठ्यात नव्हतंच. पाठवायचं राहिलं, असं मावशीनं कळवल्याचं अम्मा सांगायची. अप्पा म्हणाले, उसवून पुन्हा लावून घेतो. अम्मा म्हणाली, नको, कागद फाटतील, राहू दे आता शिवलंय तर. त्या दिवसापासून आमच्या घरात काहीही उलटसुलट झालं, इस्त्रीचे कपडे दुसऱ्याचे आले, पाहुणे चुकीच्या दिवशी आले, की खापर त्या बाइंडरच्या डोक्यावर फुटायचं.

माझं वाचन त्या पुस्तकाच्या मागच्या बाजूनं सुरू झालं. म्हणजे असं की फाडलेल्या पानांच्या पाठीवर जाहिराती असायच्या. केसांचं तेल, खोकल्याचं औषध, बाळांचं ग्राइपवॉटर. चित्रावरून शब्द लावत मी तमिळ अक्षरं शिकले. त्यामुळे तमिळमध्ये मला 'प्रेम' वाचता येण्याआधी 'बद्धकोष्ठ' वाचता यायला लागलं. पुढे कादंबरी वाचायला लागले तेव्हा कुठे तिची गंमत कळली. सून नवऱ्यासकट सगळ्यांना मागे टाकून शहरात शिक्षिकेच्या नोकरीला जाते. तिथले तिचे हाल, भाड्याची खोली, वाईट नजरेचे लोक, हे सगळं आमच्या पुस्तकात मध्यावरच उरकून जातं. मग सासूची भांडणं येतात. आणि सगळ्यात शेवटी, आमच्या शिवणीप्रमाणे, ती ट्रंक घेऊन पहाटेच्या गाडीत चढते, खिडकीची जागा पकडते आणि वळून बघत नाही. पुस्तक संपलं.

खरा क्रम काय, ते क्रमांक वाचून मी मोठेपणी सहज लावू शकत होते. एकदा लावून वाचलंही. पण ते बेचव लागलं. आणि तरीही शेवट नव्हताच. त्या नसलेल्या शेवटानं मला जन्माची खोड लावली: कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान. मिरजेच्या वाचनालयातल्या बाई मला शिव्या घालायच्या, कारण मी घोड्यावरून आल्यासारखी कपाटापुढे उभ्यानंच शेवट वाचून पुस्तक परत ठेवायची आणि वर रांगेतल्या लोकांना सांगायची की खून डॉक्टरनं केलाय. दोन वेळा माझं कार्ड जप्त झालं. माझ्या मते मी लोकांचा वेळ वाचवत होते.

पंचविशी ओलांडली आणि ओमानमधल्या सलालाहच्या शाळेत ग्रंथपालाची जागा निघाली. एकटी मुलगी, परका देश, अप्पांनी नकाराचे सगळे सिग्नल लाल केले. आजी तेव्हा होती, तिनं अन्न सोडलं, म्हणजे जेवणाच्या वेळचं सोडलं. मी मात्र अर्ज केला त्याच दिवसापासून मनानं गेलेलीच होते. आता लपवून काय करायचं, माझ्या डोक्यात ती पहाटेची गाडी होती. इतक्या वेळा वाचलेली गोष्ट. आधी हाल, मग भांडणं, आणि सगळं संपलं की ट्रंक घेऊन निघायचं. याच्यापुढे वाईट काही होतच नाही, असं माझं ठाम मत होतं. अम्मा निघायच्या दिवशी मराठीत एवढंच म्हणाली, "विमानात खिडकीची जागा माग."

सलालाहला पुस्तकांचा दुष्काळ होता. खरीफच्या, म्हणजे तिथल्या पावसाळ्याच्या दिवसांत बाहेर भुरभुर पाऊस, डोंगर हिरवेगार, सगळं आखात ते बघायला गाड्या भरून यायचं आणि मी खोलीत बसून तांदळाच्या पोत्यावरचा मजकूर वाचायची. अरबी अक्षरं मी दुधाच्या आणि ताकाच्या खोक्यांवरून शिकले; वाचन पुन्हा पोटाच्या वाटेनंच सुरू झालं. शहाळेवाल्याच्या टपरीवरचे जुने पेपर मी शहाळ्याच्या निमित्तानं वाचून काढायची. माझ्याबरोबर राहणारी मल्याळी शिक्षिका दयाळू होती, सुट्टीहून येताना पुस्तकं आणायची. पण मी शेवट सांगते म्हणून तिनं शेवटची पानं स्टेपल करून द्यायला सुरुवात केली. मी पिना काढून वाचायची आणि पुन्हा त्याच भोकांत पिना बसवायची. यात मी पुढे इतकी तरबेज झाले की शाळेचे फाटके अॅटलास दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं.

तिथेच एक चिपळूणचा इंजिनियर भेटला. तो गाडीच्या मॅन्युअलपलीकडे काहीही वाचत नाही, तेही पहिल्या पानापासून. लग्न केलं, मस्कतला आलो. मी तिथल्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका शाळेत लागले आणि घर घेतलं वादी अदाईला, कारण त्याच्या ऑफिसला ते बरं आणि भाडंही बरं. मागे उघडे तपकिरी डोंगर, समोर रस्ता. अप्पा गेल्यावर अम्माला घेऊन आले. येताना ती हँडबॅगेत साडीत गुंडाळून ती कादंबरी घेऊन आली. सामान तपासणाऱ्यानं विचारलं, "मम्मा, कुराण?" अम्मानं काही न कळता मान डोलावली आणि त्यानं दोन्ही हातांनी ते पुस्तक परत दिलं.

अम्माला ऐकायला श्रवणयंत्र लागतं आणि डोळे आता कामातून गेलेत. मधोमध काळा ठिपका, कडेकडेनं दिसतं. माणूस ओळखू येतो, अक्षर नाही. म्हणून संध्याकाळी मगरिबची अजान झाली की मी तिला वाचून दाखवते आणि ती कादंबरी वर्षातून निदान एकदा होतेच. पहाटेच्या गाडीपाशी पोचलो की अम्मा हात जोडते. गेल्या हिवाळ्यात ती आजारी पडून उठली आणि एकदम म्हणाली, "शेवटी त्या पोरीचं काय झालं असंल ग?" बाई जन्मभर शेवटावाचून राहिली. आता नाही आणला तर कधी आणणार?

खालच्या मजल्यावर एक तमिळ मामा मुलाकडे राहायला आलेत. वाचक म्हणून माझ्या अगदी उलटे. हात धुऊन पुस्तक उघडतात, प्रकाशकाच्या पत्त्यापासून सुरुवात करतात, प्रस्तावना, ऋणनिर्देश, शुद्धिपत्र काही सोडत नाहीत, आणि छपाईची चूक सापडली की पेन्सिलीनं समासात अशी खूण करतात की चोर पकडल्याचं समाधान चेहऱ्यावर दिसतं. त्यांना मी कादंबरीबद्दल सांगितलं. त्यांनी चेन्नईहून येणाऱ्या कुणाला तरी गाठून महिन्याभरात छापील पुस्तक हजर केलं. कोरं, शेवटच्या प्रकरणासकट. मी त्यांच्या दारातच उभी राहून शेवट वाचला.

वाचला आणि मला संताप आला. ती बाई परत येते. शहरानं तिला पुरतं मोडलेलं असतं. सासू आधीच गेलेली, नवऱ्यानं दुसरी केलेली, ती बापाच्या पायावर डोकं ठेवते आणि भावाच्या स्वयंपाकघरात डाळ निवडायला बसते. समोर लहान भाची असते, तिला सांगते, उंबऱ्याबाहेर कधी जाऊ नकोस बाळा. संपलं. म्हणजे मी ज्या गाडीच्या भरवशावर समुद्र ओलांडला, ती गाडी खऱ्या पुस्तकात नुसती निम्म्या वाटेवर नव्हती, परतीचं तिकीटही तिथंच ठेवलेलं होतं. मी त्या दारात उभी राहून मनातल्या मनात मिरजेच्या बाइंडरला साष्टांग दंडवत घातला. त्यानं चूक केली नसती तर मी आज कुठे असते, या विचारानं मला खरोखर घाम फुटला.

अम्माला हे वाचून दाखवायचं नाही, हे मी जिन्यातच ठरवलं. एक मजला चढेपर्यंत माझा शेवट तयार होता: पोरगी मुख्याध्यापिका होते, स्वतःचं घर बांधते, दारात नारळ लावते. मी आजवर इतके शेवट वाचलेत की एक शिजवायला कितीसा वेळ लागणार. पण मामा मागोमाग वर आले. माझी खोड त्यांना ठाऊक होती. मी गाळून वाचीन, असा त्यांना वहीम होता आणि तो रास्तच होता. त्यांनी अम्माला नमस्कार केला, सांगितलं की तुमच्या कादंबरीचं राहिलेलं प्रकरण मिळालंय आणि शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः येऊन वाचणार आहे, एकही शब्द न गाळता. अम्मा म्हणाली, फार उपकार झाले. आणि मामांनी तोवर अभ्यासासाठी म्हणून आमचं जुनं पुस्तक खाली नेलं.

ते दोन-तीन दिवस मी काय काय नाही केलं. मामांना चष्मा विसरायला लावावं म्हणून त्यांच्या सुनेला सामील करून घ्यायचा प्रयत्न केला. नवऱ्याला म्हटलं, शुक्रवारी त्यांना निझवाचा किल्ला दाखवून आण. तो म्हणाला, त्यांनी किल्ला पाहिलाय, आणि तुझ्या अम्मानं शेवट ऐकला तर काय आभाळ कोसळणार आहे? त्याला कसं सांगणार. ज्या पोरीसाठी अम्मा दरवर्षी हात जोडते, तिला भावाच्या घरी डाळ निवडायला बसवायचं आणि ते अम्माच्या कानावर घालायचं, हे मला बघवणार नव्हतं.

शुक्रवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. एका हातात नवं पुस्तक, दुसऱ्या हातात आमचं जुनं. बसल्याबरोबर त्यांनी वाचायला सुरुवात केली नाही, तर घसा साफ करून तमिळमध्ये एक निवेदन केलं. म्हणाले, तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एका निरपराध माणसाची बदनामी चाललीय. बाइंडरनं पानांच्या नंबरांवरून क्रम लावला असं तुम्ही म्हणता. मी नंबर तपासले. आधी एक्केचाळीस, मग बारा, मग तीस, मग नऊ. हा आकड्यांचा क्रम नाही. ही प्रकरणं वाचून लावलेली आहेत.

"ज्यानं कुणी हे लावलंय," मामा म्हणाले, "त्याला तमिळ उत्तम येत होतं."

मी पुस्तक त्यांच्या हातून ओढून घेतलं. एक्केचाळीस, बारा, तीस, नऊ. पाढे येतात तेव्हापासून ते पुस्तक माझ्या हातात आहे आणि मी पानाच्या तळाशी एकदाही बघितलं नव्हतं. अप्पांनी सांगितलं होतं ना, मग कशाला बघायचं. मी अम्माकडे पाहिलं. ती खुर्चीत अगदी ताठ बसली होती आणि चेहऱ्यावर आजीपुढचं ते जुनं हसू होतं. मग ती बोलली, मराठीत. मामांना मराठी येत नाही.

"काय करणार होते ग मग? सासू घरात. दिवसभर तिचं ऐकायचं आणि रात्री पुस्तकात पुन्हा तिचंच? पहिल्यांदा तिला उरकली. मेलीय म्हटल्यावर तिची भांडणं वाचायला काही वाटत नाही बघ."

मी विचारलं, आणि शेवट? तो आलाच नव्हता ना?

"आला होता की. वाचला आणि सकाळी बंबात घातला. तेवढ्यावर तुझ्या अप्पांच्या आंघोळीचं पाणी तापलं."

मामा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. अम्मानं माझा हात चाचपडत शोधला. कडेनं दिसतं म्हणून ती मान वळवून, तिरकं बघत माझ्याशी बोलली.

"तू पोटात होतीस तेव्हा. मला वाटत होतं मुलगीच होणार. घरात एकच पुस्तक होतं, ते तू वाचणार हे तर धरून चाललं पाहिजे. त्या पोरीच्या हातात डाळीचं ताट देऊन कसं मिटवायचं ते?"

मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही मामांपुढे आवरायचं होतं. गेल्या हिवाळ्यात मग तसं का विचारलंस, म्हटलं. तर म्हणे, तू काय सांगतेस ते बघायचं होतं. इतके शेवट वाचतेस, एखादा चांगला करून सांगशील असं वाटलं, तर तू गेलीस खाली आणि हे घेऊन आलीस.

काय म्हणतात त्या, मामांनी विचारलं. मी तमिळमध्ये सांगितलं की अम्मा म्हणतेय, बाइंडर फार भला माणूस होता, त्याची बदनामी आजपासून बंद. मामांना ते पटलं. त्यांनी पुस्तक उघडलं, पान सपाट केलं आणि शेवटचं प्रकरण खणखणीत आवाजात वाचायला घेतलं.

अम्मानं पदर नीट करण्याच्या निमित्तानं हात कानाकडे नेला आणि श्रवणयंत्र काढून माझ्या मुठीत ठेवलं. मग हात जोडून, डोळे मिटून, भक्तिभावानं ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. भावाच्या स्वयंपाकघरात डाळ निवडून झाली, भाचीला उपदेश झाला. मामांनी चष्मा पुसला, त्यांचे डोळे भरून आले होते. अम्मानं श्रवणयंत्र परत कानात घातलं, फार छान वाचता म्हणून त्यांची स्तुती केली आणि मला चहा टाकायला सांगितलं.

चहा पिऊन मामा खाली गेले. जाताना छापील पुस्तक अम्माला भेट म्हणून टेबलावर ठेवून गेले. मी अम्माला विचारलं, आता याचं काय करायचं? इथे बंब नाही.

ती म्हणाली, "ते राहू दे तिथं. तू सासूपासून सुरू कर."

मी जुनं पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानावर सासूला मारली.